केशवाहिनीचे गणित

हृदयातून निघालेले रक्त सर्व शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडेच परतते, ही गोष्ट आज शाळेतील मुलालाही ठाऊक असते. परंतु ते फिरते कशासाठी, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर हृदयात सापडत नाही, आणि मनगटाशी जिची नाडी लागते त्या रोहिणीतही सापडत नाही. हृदय हा पंप होय. त्यापासून रक्त नेणाऱ्या रोहिण्या आणि ते परत आणणाऱ्या नीला हे जाण्यायेण्याचे मार्ग होत. ज्या कार्यासाठी हा सारा खटाटोप, ते प्राणवायूच्या देवघेवीचे कार्य मुख्यतः अशा नळ्यांत चालते की, ज्यांचा व्यास सामान्यतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो. त्यांच्यापुढे माणसाचा केस दोरखंडासारखा वाटावा. ह्या नळ्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्या इतक्या बारीक, इतक्या असंख्य आणि मांसात इतक्या खोल दडलेल्या आहेत की, त्यांच्यात काय घडते हे केवळ पाहून कळणे कठीण. म्हणून त्यांच्या अभ्यासात वैद्यकाने फार पूर्वीपासून एका परक्या शास्त्राचे साहाय्य घेतले. ते शास्त्र म्हणजे गणित. गेल्या चारशे वर्षांत ह्या दोन शास्त्रांचा जो सहवास घडला त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यात कधी गणिताने आधी सांगितले आणि डोळ्यांनी मागाहून पाहिले. तर कधी डोळ्यांनी पाहिल्यावर गणितालाच आपला हिशेब नव्याने मांडावा लागला.

ह्या इतिहासाचा आरंभ विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्यापासून करावा लागतो. त्यांच्या काळापर्यंत युरोपात गेलेन ह्या प्राचीन ग्रीक वैद्याचे मत प्रमाण मानले जाई. यकृतात अन्नापासून रक्त तयार होते, ते शरीरभर पसरते आणि अवयव ते खर्च करून टाकतात, असे ते मत. हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या मताला एक साधा गुणाकार आडवा घातला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अवघे अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले आणि अर्ध्या तासात केवळ एक हजार ठोके पडतात असे मानले, तरी त्या अर्ध्या तासात पाचशे औंस रक्त हृदयातून बाहेर पडावयास हवे. दोन्ही आकडे त्यांनी मुद्दाम कमी धरले होते. तरीही येणारी बेरीज साऱ्या शरीरातील रक्ताहून अधिक होत होती. एवढे रक्त अन्नातून घडीघडीला तयार होणे शक्य नाही. अर्थात तेच ते रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे.

हा युक्तिवाद निरुत्तर करणारा होता. पण त्यात एक दुवा निखळलेला होता. रोहिण्यांतील रक्त नीलांत शिरते कोठून, हे हार्वे यांना दाखविता आले नाही. तो मार्ग उघड्या डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हताच. १६५७ साली हार्वे निवर्तले. त्यानंतर चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, बोलोन्या येथील मार्चेल्लो माल्पीगी यांनी बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवले आणि रोहिणी व नीला यांना जोडणारे अतिसूक्ष्म नळ्यांचे जाळे त्यांना दिसले. आपला शोध त्यांनी पत्रांच्या रूपाने बोरेल्ली ह्या आपल्या स्नेह्याला कळविला, आणि हे बोरेल्ली व्यवसायाने गणिताचे अध्यापक होते. हिशेबाने जी वस्तू असलीच पाहिजे असे ठरविले होते, ती ३३ वर्षांनी दृष्टीस पडली.

नळ्या सापडल्या, आता त्यांतून रक्त किती नेटाने वाहते हे ठरविणे ओघानेच आले. टेडिंग्टन ह्या इंग्लंडातील गावी स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांनी घोडीच्या रोहिणीत काचेची उंच नळी बसवून रक्त त्या नळीत किती चढते ते मोजले. ते हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच चढले. १७३३ साली प्रसिद्ध झालेले हे मापन रक्तदाबाच्या अभ्यासाचा पाया समजले जाते. हृदयाशी इतका मोठा असलेला दाब नीलांपर्यंत येईतो जवळजवळ नाहीसा होतो. मग तो खर्च होतो कोठे? मोठ्या रोहिण्या तर प्रशस्त असतात. तेव्हा तो बारीक वाहिन्यांतच खर्च होत असला पाहिजे. परंतु किती बारीक नळीत किती दाब खर्ची पडतो, ह्याचा नियम अद्याप कोणालाच माहीत नव्हता.

तो नियम शोधून काढण्याचे श्रेय झाँ लेओनार प्वाझय ह्या पॅरिसमधील वैद्याकडे जाते. त्यांचे शिक्षण आधी तंत्रविद्येच्या प्रख्यात विद्यालयात झाले आणि ते मागाहून वैद्यकाकडे वळले. १८२८ साली त्यांनी पारा भरलेल्या वाकड्या नळीने रोहिणीतील दाब मोजण्याची युक्ती काढली. पुढे बेडकाच्या सूक्ष्म वाहिन्या न्याहाळताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. तांबड्या पेशी नळीच्या मध्यभागातून धावत होत्या आणि नळीच्या कडेला निव्वळ रक्तद्रवाचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर राहत होता. ह्या निरीक्षणाचे महत्त्व पुढे शंभर वर्षांनी कळावयाचे होते. प्वाझय यांना स्वतःला मात्र नियम हवा होता, आणि रक्त हे नियम शोधण्यास अडचणीचे द्रव्य. ते शरीराबाहेर येताच गोठू लागते. म्हणून त्यांनी रक्त बाजूला ठेवले आणि काचेच्या अत्यंत बारीक नळ्यांतून पाणी व इतर द्रव पदार्थ सोडून वर्षानुवर्षे काटेकोर मोजमापे केली. १८४० च्या सुमारास त्यांनी ही मोजमापे फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवली. त्याच सुमारास, १८३९ मध्ये, गोटहिल्फ हागेन ह्या जर्मन अभियंत्यानेही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला होता. त्यामुळे आज ह्या नियमाला दोघांचेही नाव जोडले जाते.

नियम असा : नळीतून वाहणारा प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो, लांबीच्या प्रमाणात घटतो, आणि व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलतो. ह्यातील शेवटचा भाग विलक्षण आहे. व्यास निम्मा झाला तर प्रवाह निम्मा किंवा पाव न होता एक सोळांश होतो. एवढेच नव्हे, तर व्यास केवळ १६ टक्क्यांनी आखडला तरी प्रवाह निम्म्यावर येतो. शरीर एखाद्या अवयवाकडे जाणारे रक्त क्षणात वाढविते वा घटविते ते कशाच्या बळावर, ह्याचा उलगडा ह्या एका चतुर्थ घाताने झाला. केशवाहिन्यांच्या आधी ज्या बारीक रोहिण्या असतात त्यांच्या भिंतीतील स्नायूने किंचित आकुंचन पावावे, की पुढचा प्रवाह पार बदलून जातो. तोटी थोडीशी फिरविली की पाण्याची धार बदलावी, तसाच हा प्रकार.

प्वाझय यांचा नियम रक्ताच्या अभ्यासातून जन्मला, पण काटेकोरपणे पाहता तो रक्ताला लागू पडत नाही. नळी सरळ व टणक असावी, प्रवाह स्थिर असावा आणि द्रव सर्वत्र एकजिनसी असावा, ह्या अटींवर तो उभा आहे. केशवाहिन्या वळणावळणाच्या व लवचीक असतात, आणि रक्त हे तर पेशींनी गच्च भरलेले द्रव्य. त्याच्या आकारमानाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग पेशींनीच व्यापलेला असतो. ह्या विसंगतीकडे पुढे वळावयाचे आहे. तत्पूर्वी प्रवासाचा दुसरा टप्पा पाहिला पाहिजे. कारण रक्त केशवाहिनीपर्यंत पोचले म्हणून प्राणवायू स्नायूच्या पेशीपर्यंत पोचला असे होत नाही. नळीच्या भिंतीपासून पेशीपर्यंतचे अंतर त्याला रक्ताच्या मदतीवाचून काटावे लागते.

हा प्रवास ज्या रीतीने होतो तिला विसरण म्हणतात. पाण्यात टाकलेला शाईचा थेंब न ढवळताही हळूहळू पसरतो, तेच विसरण. त्याचा नियम आडोल्फ फिक यांनी १८५५ साली झुरिक येथे मांडला. ह्या रीतीचा एक स्वभावधर्म असा की, थोड्या अंतरावर ती अत्यंत चपळ असते आणि अंतर वाढले की विलक्षण मंद होते. लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे अंतर प्राणवायू पाण्यात सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शात काटतो. तेच अंतर हजारपट झाले, म्हणजे अवघे एक सेंटिमीटर झाले, तर त्याला सुमारे ७ तास लागतात. शरीराने केशवाहिन्यांचे एवढे दाट जाळे का विणले, ह्याचे कारण ह्या दोन आकड्यांत आहे. प्रत्येक पेशीच्या दाराशी रक्त आणून सोडल्यावाचून गत्यंतरच नव्हते.

परंतु दाराशी म्हणजे किती जवळ? ह्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात डेन्मार्कमध्ये मिळाले. ऑगस्ट क्रोग हे जहाजे बांधणाऱ्या गृहस्थाचे चिरंजीव. ते १८७४ साली ग्रेनो ह्या गावी जन्मले. कोपनहेगन येथे त्यांनी क्रिस्टिआन बोर ह्या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली उमेदवारी केली. फुप्फुसे प्राणवायू स्वतःच्या शक्तीने रक्तात ढकलतात असे गुरूंचे मत होते. क्रोग यांनी आपल्या पत्नी मारी क्रोग यांच्यासह काटेकोर प्रयोग केले आणि १९१० साली एकामागून एक सात लहान निबंध प्रसिद्ध करून दाखवून दिले की, फुप्फुसातील देवघेव केवळ विसरणाने होते. मारी क्रोग ह्या स्वतः वैद्य होत्या व फुप्फुसातील वायूंच्या विसरणावर त्यांनी स्वतंत्र संशोधन केले होते. गुरूंच्या मताविरुद्ध जाणे क्रोग यांना सोपे गेले नसेल. पण त्यामुळे एक गोष्ट निश्चित झाली. फुप्फुसात जर विसरणच पुरेसे असेल, तर स्नायूतही ते पुरते की नाही हे आकड्यांनी तपासता येईल.

क्रोग यांनी आधी प्राणवायू जिवंत मांसातून किती वेगाने पसरतो ते मोजले. मग निरनिराळ्या प्राण्यांच्या स्नायूंचे आडवे छेद घेऊन केशवाहिन्या मोजल्या. बेडकाच्या स्नायूत प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे सुमारे ४००, घोड्याच्या स्नायूत सुमारे १,३५० आणि कुत्र्याच्या स्नायूत सुमारे २,६०० केशवाहिन्या त्यांना आढळल्या. स्नायूतील केशवाहिन्या तंतूंना समांतर धावतात. त्यामुळे असा छेद मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. ह्यावरून त्यांना एक कल्पना सुचली. प्रत्येक केशवाहिनीभोवती मांसाचा एक दंडगोल आहे आणि त्या दंडगोलाचे पोषण फक्त तीच वाहिनी करते, असे मानावे. घोड्याच्या बाबतीत ह्या दंडगोलाची त्रिज्या मिलिमीटरच्या पंधरा सहस्रांशांएवढी येते, तर बेडकाच्या बाबतीत ती जवळजवळ दुप्पट भरते. मांस सर्वत्र सारख्याच गतीने प्राणवायू खर्च करते आणि प्राणवायू नळीपासून सरळ बाहेरच्या दिशेने जातो, अशी आणखी दोन गृहीते त्यांनी धरली.

आता समीकरण मांडावयाचे होते. त्यासाठी क्रोग यांनी एर्लांग नावाच्या गणितज्ञाचे साहाय्य घेतले. आग्नेर क्रारुप एर्लांग हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीस होते. एवढ्या ग्राहकांसाठी किती तारा राखून ठेवल्या म्हणजे फार थोड्यांना खोळंबावे लागेल, ह्याचे गणित त्यांनीच जगाला दिले आणि दूरध्वनीच्या वाहतुकीचे एकक आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. क्रोग यांच्यासाठी त्यांनी सोडविलेले समीकरण वरवर साधे आहे. केशवाहिनीच्या भिंतीपासून दंडगोलाच्या कडेपर्यंत प्राणवायूचा दाब किती उतरतो, हे ते सांगते. मांसाची भूक जितकी अधिक तितका उतार अधिक. विसरण जितके सुलभ तितका उतार कमी. आणि दंडगोलाची त्रिज्या वाढली की उतार त्रिज्येच्या वर्गाहूनही काहीसा झपाट्याने वाढतो. ह्या दंडगोलाचा सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे वाहिनीच्या शेवटच्या टोकाशी असलेली बाहेरची कड. तेथे पोचेपर्यंत रक्तातील प्राणवायूही उणावलेला असतो आणि अंतरही सर्वांत जास्त असते. पुढील संशोधकांनी ह्या जागेला घातक कोपरा असे नाव दिले. स्नायूला प्राणवायूचा तुटवडा पडला तर पहिला बळी ह्याच कोपऱ्यातील पेशींचा जातो.

क्रोग यांनी समीकरणात आकडे घातले आणि उत्तर अनपेक्षित आले. सर्व केशवाहिन्यांतून रक्त वाहत असेल तर भिंतीपासून कडेपर्यंत दाबाचा उतार अगदीच किरकोळ पडत होता. म्हणजे विश्रांत स्नायूतील प्राणवायूचा दाब जवळजवळ रक्तातील दाबाएवढाच असावयास हवा. परंतु तत्पूर्वीच्या प्रयोगांवरून तो बराच कमी असावा असे दिसत होते. हिशेब आणि प्रयोग यांचा मेळ बसेना. ह्यातून क्रोग यांनी अनुमान काढले की, विश्रांतीच्या वेळी बहुतेक केशवाहिन्या मिटलेल्या असल्या पाहिजेत. मोजक्याच उघड्या राहतात, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला मोठा दंडगोल येतो आणि उतार वाढतो. काम सुरू झाले की मिटलेल्या वाहिन्या उघडतात. हे अनुमान ताडून पाहण्यासाठी त्यांनी जिवंत प्राण्यांच्या रक्तात काळी शाई सोडली व नंतर स्नायूंचे छेद तपासले. विश्रांत स्नायूत शाईचे ठिपके विरळ होते आणि काम करणाऱ्या स्नायूत कित्येक पटींनी दाट होते. १९१९ साली हे निबंध प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, केशवाहिन्यांच्या नियंत्रणाच्या ह्या शोधाबद्दल क्रोग यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

क्रोग यांच्याच लेखनातील आणखी एक हिशेब पुढे फार प्रसिद्धी पावला. एखाद्या माणसाच्या स्नायूंचे वजन ५० किलोग्रॅम असेल आणि दर चौरस मिलिमीटरला २,००० केशवाहिन्या असतील, तर त्या सर्व टोकाला टोक जोडून किती लांब भरतील? उत्तर आले एक लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला अडीच वेढे. हा आकडा तेव्हापासून असंख्य पुस्तकांतून छापला जात आहे. गुणाकारात काही चूक नाही. परंतु सर्वसाधारण माणसाचे स्नायू ३० किलोग्रॅमच्या आसपास भरतात आणि माणसाच्या स्नायूत केशवाहिन्यांची दाटी चौरस मिलिमीटरला तीनचारशेच असते. हे आकडे घातले तर लांबी दहा हजार किलोमीटरच्या घरात येते. पृथ्वीला वेढा पडत नाही. क्रोग यांनी 'असे धरले तर' म्हणून मांडलेली गोष्ट नंतरच्यांनी 'असे आहे' म्हणून उचलली. गणिताचे उत्तर त्यात घातलेल्या गृहीतांपेक्षा अधिक खरे असू शकत नाही, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

अशाच एका गृहीताची, म्हणजे रक्त एकजिनसी असल्याच्या गृहीताची, परीक्षा स्वीडनमध्ये झाली. रॉबिन फॉरेअस व टॉर्स्टन लिंडक्विस्ट यांनी १९३१ साली निरनिराळ्या जाडीच्या काचनळ्यांतून रक्त वाहवून पाहिले. नळीचा व्यास सुमारे तीन दशांश मिलिमीटरहून कमी झाला की रक्ताचा दाटपणा, ज्याला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात, तो कमी कमी होत जात असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे बारीक नळीत रक्त अधिक पातळ झाल्यासारखे वाहते. कारण तेच, जे प्वाझय यांनी बेडकात पाहिले होते : पेशी मध्यभागी सरकतात, कडेला रक्तद्रवाचा थर राहतो आणि तो वंगणासारखे काम करतो. ही सवलत सुमारे ७ सहस्रांश मिलिमीटर व्यासापर्यंतच मिळते. तांबडी पेशी स्वतः ८ सहस्रांश मिलिमीटर रुंद असते. नळी ह्याहून अरुंद झाली की पेशीला अंग मुडपून, एकामागे एक अशा रांगेने जावे लागते, आणि नळी आणखी आखडत गेली की विरोध झपाट्याने वाढतो.

असे अंग मुडपून जाणाऱ्या पेशीचे गणित सोडविणे प्वाझय यांच्या पद्धतीने शक्य नव्हते. ह्या कामास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी माणसे लागली त्यांतील काही चक्क विमानविद्येतून आली होती. ध्वनी व हवेच्या प्रवाहांचे गाढे अभ्यासक असलेले इंग्रज गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९६८ साली लवचीक नळीतून घट्ट बसणारी गोळी पुढे ढकलली असता काय होते, ह्याचा विचार मांडला. ती गोळी म्हणजे तांबडी पेशी. चीनमध्ये जन्मलेले व अमेरिकेत विमानांच्या पंखांच्या कंपनांवर ग्रंथ लिहिलेले युआन-चेंग फुंग यांनी फुप्फुसातील केशवाहिन्यांना नळ्या मानण्याचेच नाकारले. तेथे वाहिन्या इतक्या दाट असतात की, खांबांवर तोललेल्या बुटक्या पण विस्तीर्ण दालनातून पाणी वाहावे तसे तेथील रक्त वाहते, असे चित्र त्यांनी सिडनी सोबिन यांच्यासह १९६९ साली मांडले.

क्रोग यांच्या चित्रालाही ह्याच काळात तडे जाऊ लागले. प्राणवायू केवळ केशवाहिन्यांतून बाहेर पडतो असे ते चित्र सांगे. १९७० मध्ये ब्रायन ड्युलिंग व रॉबर्ट बर्न यांनी दाखवून दिले की, त्याच्या आधीच्या बारीक रोहिण्यांतूनही तो बराच पाझरतो. पुढे जिवंत स्नायूवर सूक्ष्मदर्शक रोखून केलेल्या निरीक्षणांत विश्रांतीच्या वेळीही बहुसंख्य केशवाहिन्यांतून रक्त वाहताना आढळले. तेव्हा काम सुरू होताच मिटलेल्या वाहिन्या उघडतात, ह्यापेक्षा वाहत्या वाहिन्यांतच पेशींची वर्दळ वाढते असे मानण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल झुकला आहे. म्हणजे ज्या शोधास पारितोषिक मिळाले त्याच्याविषयी वाद निर्माण झाला. परंतु ज्या समीकरणाने तो सुचविला ते समीकरण आजही टिकून आहे. प्राणवायूच्या पुरवठ्याचा कोणताही नवा हिशेब आरंभी क्रोग यांच्या दंडगोलाशी ताडून पाहिला जातो. १९९० नंतरच्या दशकात बर्लिनचे आक्सेल प्रीस आणि अमेरिकेतील टिमथी सीकोम यांनी उंदरांच्या आतड्यालगतच्या पडद्यातील शेकडो सूक्ष्म वाहिन्यांचे संपूर्ण जाळे मोजले व संगणकावर मांडले. तेव्हा आढळले की, जिवंत वाहिनीचा विरोध काचनळीपेक्षा पुष्कळ अधिक असतो. तिच्या आतील बाजूस मऊ बुळबुळीत असे अस्तर असते. ते काचेला नसते. त्या अस्तराच्या अभ्यासाला ह्या विसंगतीने मोठी चालना मिळाली.

हा सारा व्यवहार प्रयोगशाळेपुरताच आहे, असे मात्र कोणी समजू नये. सिकलसेल ह्या आनुवंशिक विकाराचेच उदाहरण घ्यावे. भारतात ह्या विकाराचे रक्त प्रथम १९५२ साली निलगिरी पर्वतातील आदिवासींमध्ये आढळले. महाराष्ट्रात नंदुरबार येथे, तसेच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत असंख्य कुटुंबे त्याचे दुःख भोगीत आली आहेत. ह्या विकारात प्राणवायू सोडताच तांबड्या पेशीतील रक्तरंजकाचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ तंतू बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. अंग मुडपून जाणे तिला जमत नाही; ती केशवाहिनीत अडकते, मागचा प्रवाह तुंबतो आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. परंतु हे तंतू तत्काळ बनत नाहीत. मध्ये काही काळ जातो. तेवढ्यात पेशी अरुंद नळीतून निसटली व फुप्फुसाकडे परतली तर काहीच बिघडत नाही. विल्यम ईटन, जेम्स हॉफ्रिक्टर व फिलिप रॉस यांनी १९७४ ते १९७६ ह्या काळात दाखविले की, हा विलंब पेशीतील सदोष रक्तरंजकाच्या सांद्रतेवर विलक्षण प्रमाणात, म्हणजे सुमारे तिसाव्या घाताने, अवलंबून असतो. प्वाझय यांचा चौथा घात ह्यापुढे काहीच नव्हे. सांद्रता केवळ दहा टक्क्यांनी घटली तर विलंब वीसपटींहून अधिक वाढतो.

ह्या आकड्याचा अर्थ रुग्णाच्या भाषेत असा की, विकार मुळातून नाहीसा न करताही त्याच्या यातना कमी करता येतील. पेशीला निसटण्यापुरता अवधी मिळवून दिला म्हणजे झाले. सिकलसेलच्या रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, उन्हातान्हात अंगातील पाणी आटू देऊ नये, असे वैद्य बजावतात ते ह्याचसाठी. पाणी कमी पडले की पेशी आक्रसते आणि आतील सांद्रता वाढते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध पेशीत गर्भावस्थेतील निर्दोष रक्तरंजकाचे प्रमाण वाढविते आणि सदोष रेणूंची दाटी मोडते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत ह्या औषधाने प्रौढ रुग्णांतील वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. दूरच्या पाड्यावरील मुलाची वेळेवर रक्ततपासणी होणे आणि त्याच्यापर्यंत औषध पोचणे हे काम माणसांनीच करावयाचे आहे. ते कोणतेही समीकरण करून देणार नाही. पण ते काम केल्याने काय साधेल, हे मात्र समीकरणाने आधीच स्पष्ट करून ठेवले आहे.

हार्वे यांच्या गुणाकारापासून आजच्या संगणकापर्यंत केशवाहिनीची जी चित्रे रेखाटली गेली, त्यांतील एकही पूर्णपणे खरे नाही. प्वाझय यांनी रक्ताऐवजी पाणी घेतले, क्रोग यांनी मांसाचे दंडगोल कल्पिले, फुंग यांनी फुप्फुसाचे दालन केले. आपण काय वगळले आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि ते त्यांनी उघड सांगून ठेवले. त्यामुळेच पुढच्याला नेमके कोठे शोधावे ते कळले. जे चित्र जुळले नाही त्यातून रक्तद्रवाचा थर, रोहिण्यांतील पाझर आणि वाहिनीचे मऊ अस्तर ह्यांचे महत्त्व ध्यानात आले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या त्या अंधाऱ्या नळीत अद्याप पुष्कळ काही अज्ञात आहे. मेंदूच्या एखाद्या भागात विचार चालू होताच तेथील रक्तप्रवाह कसा वाढतो, गाठीच्या रोगात नव्याने फुटणाऱ्या वाहिन्या वेड्यावाकड्या का असतात, ह्या प्रश्नांवर आजचे गणितज्ञ व वैद्य एकत्र बसून विचार करीत आहेत. त्यांच्याही हिशेबाची सुरुवात एका सरळ नळीपासून आणि तिच्याभोवतीच्या दंडगोलापासूनच होते.